व्हीलचेअरची पिशवी घसरते, अडकते, खुर्ची मागे कलंडते: घरगुती सोय टिकत का नाही?

बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरला सामानासाठी घरी काहीतरी करून लावलं आणि ते धड टिकलं नाही, या तक्रारीला बरेच चेहरे आहेत. कुणाचा बाटली ठेवायचा स्टँड दोन-चार दिवसांनी खाली झुकलेला असतो. कुणाची खुर्ची सोसायटीच्या रॅम्पवर पुढची चाकं उचलते, तेही रोज नाही, कधीतरीच. कुणाची खुर्ची सकाळी सुरूच होत नाही. मेकॅनिक येतो, हँडलची पिशवी काढून बाजूला ठेवतो, बटण दाबतो आणि खुर्ची मुकाट चालू लागते. त्याला दोष सापडत नाही, कारण दोष त्यानं नुकताच बाजूला ठेवलेला असतो.

माझ्या पाहण्यात पिशवी किंवा पेटी बहुतेक वेळा छानच बनवलेली असते. चुकते ती जागा, आणि जागेनंतर पकड. म्हणून कापड कुठलं, कप्पे किती, झिप कुठून, हा विचार शेवटी करा. खुर्ची आधी नीट बघून घ्या.

रॅम्पवर पुढची चाकं उचलतात, पण नेहमी नाही

हा यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार, आणि ‘कधीतरीच’ होतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात. कारण समजून घेण्यासाठी एक हिशेब मांडू. समजा घडी होणारी हलकी खुर्ची २६ किलोची आणि बसणारी व्यक्ती ६५ किलोची. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसापासून १५ सेंमी पुढे आणि जमिनीपासून ६० सेंमी उंच आहे. ही खुर्ची साधारण १४ अंशांच्या चढावर मागे कलंडायच्या बेतात येते. आता मागच्या हँडलांना सॅक अडकवा. डबा, पाणी, लॅपटॉप, चार्जर, रेनकोट असं करत ८ किलो सहज भरतात. हे वजन आसाच्या ३० सेंमी मागे आणि ७० सेंमी उंचीवर लटकतं. पुन्हा गणित केलं की १४ अंशांचे साडेदहा झालेले दिसतात.

नियमाप्रमाणे रॅम्प १२ ला १ हवा, म्हणजे पाच अंशांहून कमीच. तिथं साडेदहाही पुरतात. पण तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेला ‘रॅम्प’ ६ ला १ असू शकतो, म्हणजे साडेनऊ अंश. खुर्ची त्यावर उभी राहते, एकसारख्या वेगानं चढतेही. घोटाळा होतो तो मधेच थांबून पुन्हा निघताना. समोरून कुणी आलं, तुम्ही थांबलात आणि जॉयस्टिक (खुर्ची चालवायची दांडी) पुढे ढकललीत, की वेग घेण्याचा झटका चढ वाढल्यासारखाच काम करतो. दर सेकंदाला वेग अर्धा मीटर प्रतिसेकंद इतका वाढवत नेला तर त्याची भर सुमारे तीन अंशांची. साडेनऊ आणि तीन मिळून साडेबाराच्या आसपास. सॅक नसती तर १४ च्या आत निभावलं असतं, सॅकसकट नाही. खुर्ची मागे मागे घेत उतरताना एकदम थांबलात तरी हेच होतं.

म्हणजे रॅम्प तोच, सॅक तीच, तरी एके दिवशी चाकं उचलतात आणि दुसऱ्या दिवशी नाही, यात गूढ काही नाही. त्या दिवशी मधे कुणी आडवं आलेलं असतं.

उपाय जागेचा. तेच ८ किलो सीटखाली, आसाच्या २० सेंमी पुढे आणि जमिनीपासून ३५ सेंमी उंचीवर नेले तर कलंडण्याची मर्यादा साडेदहावरून जवळजवळ १५ अंशांवर जाते. सॅक न लावलेल्या खुर्चीपेक्षाही थोडी जास्तच. तुमच्या खुर्चीचे आकडे वेगळे येतील, पण दिशा हीच राहील: मागे आणि उंच नेलेलं वजन घात करतं, पुढे आणि खाली नेलेलं वजन मदत करतं.

सीटखालचा झोळा घरी करता येतो. जाड कॅनव्हासचा तळ, चारही कोपऱ्यांना निवारीसारखी नायलॉनची पट्टी, आणि त्या पट्ट्या सीटच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना बकलनं. मात्र तीन गोष्टी बघा. घडीच्या खुर्चीत सीटखाली कैची, म्हणजे फुलीसारख्या आडव्या नळ्या असतात. झोळा त्यांच्या पुढच्या भागातच मावला पाहिजे, नाहीतर घडी करताना कापड चिमटतं. दुसरं, रस्त्यावरचा नियमातला गतिरोधक १० सेंमी उंच असतो आणि आपल्या गल्लीतला नियम वाचून केलेला नसतो. भरलेला झोळा लोंबतो, तेव्हा सामान भरून मग जमिनीपासूनचं अंतर मोजा आणि निदान १५ सेंमी मोकळे ठेवा. तिसरं, ज्या खुर्चीची सीट मोटरवर मागे झुकते किंवा वरखाली होते, तिथं सीट पूर्ण खाली आणि पूर्ण मागे नेऊन झोळ्याचं काय होतं ते पाहिल्याशिवाय काही पक्कं करू नका. वायरी तिथूनच जातात.

सॅक मागेच हवी असेल तर ती हलकी ठेवा आणि तिचा तळ खुर्चीच्या नळीला बांधा. नुसती दोन हँडलांवर लटकलेली सॅक चढावर मागे झुलते, म्हणजे नेमकी नको तेव्हा वजन आणखी लांब नेते. खालून दोन पट्ट्या मारल्या की झुलणं थांबतं. सॅकमध्येही जड वस्तू तळाशी आणि पाठीला चिकटून हवी. लॅपटॉप बाहेरच्या कप्प्यात ठेवणं म्हणजे सगळी मेहनत वाया.

मागची छोटी आधारचाकं सॅकला अडतात म्हणून काढून टाकलेली मी पाहिली आहेत. खुर्ची कलंडायला लागली की जमिनीला टेकून तिला थोपवायचं काम त्याच चाकांचं. ती अडत असतील तर सॅक बदला. खुर्ची निघताना फारच हिसका मारत असेल तर विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडून कंट्रोलरमधला (मोटरला हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यातला) वेगवाढीचा आकडा कमी करून घेता येतो. मोठी चाकं मधोमध असणाऱ्या खुर्चीला पुढेमागे दोन्हीकडे लहान चाकं असल्यानं कलंडण्याची भीती कमी, पण ती जागच्या जागी वळते तेव्हा मागची पिशवी भिंतीला घासते.

क्लॅम्प सारखा फिरतो, स्टँड झुकतो

बाटलीचा स्टँड, मोबाइलचा हात, आर्मरेस्टच्या बाजूची छोटी पेटी, सगळ्यांचं दुखणं एकच. नळी गोल आणि गुळगुळीत, वर पावडर कोटिंग. क्लॅम्प कितीही आवळा, आठवड्यात फिरतो.

पहिल्यांदा नळीची जाडी अचूक मोजा. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. घेर ६० मिमी आला तर नळी १९ मिमीची, ६९ आला तर २२ ची, ८० आला तर २५ ची. या तीन मापांपैकी एक निघण्याची शक्यता बरीच असते. २२ मिमी निघाली तर तुमचं नशीब चांगलं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लॅस्टिकच्या) पाइपाचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी असतो, त्यामुळे प्लंबिंगच्या दुकानातले त्याचे क्लॅम्प नळीवर नेमके बसतात. बऱ्याच मोटरसायकलींचं हँडलही २२ मिमीचंच असतं, म्हणून बाइकचा मोबाइल होल्डर तसाच चालतो. २५ च्या नळीवर २२ चा क्लॅम्प ताणून बसवू नका, तो कानातून चिरतो. १९ च्या नळीवर त्याच क्लॅम्पखाली रबर गुंडाळून काम भागतं, पण हलकीच वस्तू लावा.

आता क्लॅम्प का फिरतो ते बघू. एक लिटरची बाटली नळीच्या मध्यापासून २० सेंमी बाहेर धरली आहे. नळीची त्रिज्या १.१ सेंमी. २० भागिले १.१ म्हणजे सुमारे १८. बाटली एक किलोची असली तरी क्लॅम्पला नळीच्या पृष्ठभागावर १८ किलोचा ओढा नुसत्या घर्षणावर तोलायचा आहे. आणि हे खुर्ची उभी असताना. पेव्हर ब्लॉकवरून गेलात की प्रत्येक दणक्याला हा ओढा आणखी वाढतो. म्हणून आणखी आवळण्यात अर्थ नाही. हात आखूड करा. २० चे ८ सेंमी केले की १८ किलोचे ७ होतात.

आखूड करणं शक्यच नसेल तर दुसरा आधार द्या. स्टँडच्या खालच्या टोकापासून एक अॅल्युमिनियमची पट्टी तिरपी नेऊन खुर्चीच्या खालच्या नळीला दुसऱ्या क्लॅम्पनं धरा. त्रिकोण झाला की फिरण्याचा प्रश्नच मिटतो, क्लॅम्प थोडा सैल पडला तरीही. एकाच नळीवर शेजारी शेजारी तीन क्लॅम्प लावण्यापेक्षा वेगवेगळ्या नळ्यांवरचे दोन केव्हाही सरस.

क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी घाला, एकच पदर. जाड रबर घातलं तर ते दबत जातं आणि पकड हळूहळू ढिली होते. नट साधे नकोत, आत नायलॉनची कडी असलेले घ्या, ते कंपनानं सुटत नाहीत. पाइपाला आवळायची स्टीलची होज क्लिप वापरलीत तर तिचं कापलेलं टोक आतल्या बाजूला वळवा आणि वर रबर चढवा. बोटांना किंवा पायाला संवेदना नसेल तर त्या टोकानं कापलेलं संध्याकाळी कपड्यावर रक्त दिसल्यावरच कळतं. प्लॅस्टिकचे झिप टाय तात्पुरते ठीक. पांढरे उन्हात ठिसूळ होतात, काळे जास्त टिकतात. थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून घेणार असाल तर पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या खुर्चीला ते तापमान लांब नाही. पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक सांगा.

फ्रेमला भोक पाडून बोल्ट मारू का, असं फॅब्रिकेशनवाला हमखास विचारतो. नको म्हणा. नळीच्या वाकाजवळ किंवा जोडाजवळ पाडलेल्या भोकापासून तडा सुरू होतो. वेल्डिंग तर त्याहून वाईट. अॅल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथं कमकुवत होते, आणि बॅटरी-कंट्रोलर जोडलेला असताना वेल्डिंग केलं तर कंट्रोलर जाऊ शकतो. वॉरंटीचा प्रश्न आहेच.

खुर्ची कधी सुरू होते, कधी होत नाही

पिशवी लावल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर मोटर आणि बॅटरीकडे जाण्याआधी तीन जागा तपासा.

पहिली जागा जॉयस्टिक. खुर्ची चालू करताना दांडी मधोमध नसेल तर कंट्रोलर मुद्दाम खुर्ची हलू देत नाही आणि दिवे लुकलुकवून दोष दाखवतो. ही बिघाडाची खूण नाही, सुरक्षेची सोय आहे. आर्मरेस्टवरच्या पिशवीचं झाकण किंवा भरून फुगलेला कप्पा दांडीला जेमतेम टेकला तरी पुरतं. पिशवी रिकामी असताना टेकत नाही, म्हणून दोष ‘कधीतरी’ दिसतो. पिशवी पूर्ण भरा, झाकण उघडून सगळीकडे फिरवून बघा, आणि दांडी चारही दिशांना पूर्ण झुकवल्यावरही चार बोटं जागा मोकळी राहते का पाहा. याची उलटी बाजू जास्त वाईट: खुर्ची चालू आहे आणि पिशवीचा बंद दांडीत अडकला, तर खुर्ची आपोआप चालू लागते. म्हणून जॉयस्टिकच्या बाजूला लोंबतं काहीही नको. सामान दुसऱ्या बाजूच्या आर्मरेस्टला.

दुसरी जागा मोटरजवळची क्लच खटकी. खुर्ची हातानं ढकलायची असते तेव्हा ती सोडतात. मागची किंवा खालची पेटी तिच्यावर टेकून ती अर्धवट सुटली की खुर्ची चालत नाही. चालू खुर्ची थांबवणारा ब्रेकही मोटरमध्येच असतो, तेव्हा उतारावर सुटलेली खटकी म्हणजे मोकळी सुटलेली खुर्ची. खटकीभोवती हात घालायला जागा हवीच, कारण अडचणीच्या वेळी ढकलणारा माणूस तीच शोधणार.

तिसरी जागा वायरी. पट्टी बांधताना जॉयस्टिकची केबल तिच्याखाली आवळली जाते. आर्मरेस्ट वर केला की केबल ताणली जाते आणि प्लग किंचित सुटतो. पट्टी नळीला बांधा, केबल तिच्या बाहेर मोकळी ठेवा.

पेटीत चार्जिंग घ्यायचं असेल तर

अशा खुर्चीची यंत्रणा साधारणपणे २४ व्होल्टची असते आणि लेड-ॲसिड प्रकारात ती १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून केलेली असते. मोबाइलसाठी कुणीतरी हमखास सुचवतं की कारचा चार्जर त्यातल्या एका बॅटरीला जोडून टाका. चालतं, काही आठवडे. एकच बॅटरी रोज जास्त उपसली जाते, चार्जर मात्र दोघींना एकत्र, सारखाच भरतो. एक सतत उपाशी, दुसरी सतत ओसंडलेली, आणि शेवटी जोडी लवकर बाद. दोन्ही बॅटऱ्यांवरून २४ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्या आणि बॅटरीजवळच फ्यूज टाका. जॉयस्टिकच्या चार्जिंगच्या सॉकेटमध्ये बसणारे तयार यूएसबी प्लगही मिळतात. सगळ्यात बिनघोर म्हणजे साधी पॉवर बँक, पण ती सीटच्या उबेला लागून ठेवू नका.

दारात अडकतं

हा प्रश्न सोपा आहे, फक्त टेप काढायचा आळस असतो. सार्वजनिक इमारतीत दार ९० सेंमी मोकळं असावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जुन्या घरातलं न्हाणीघराचं दार तेवढं कुठून असणार? दार ७५ सेंमी आणि खुर्ची ६४ सेंमी असेल तर दोन्ही बाजूंना मिळून ११ सेंमी उरतात, त्यातच तुमच्या हाताची बोटंही आली. बाजूची पेटी ४ सेंमीहून जाड नको. घरात अडतं पण बाहेर हवंच, अशी पेटी एका खटक्यात निघेल अशी करा. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट असेल तर लोंबणारी पट्टी एकही ठेवू नका. पट्टीची उरलेली टोकं दुमडून शिवा.

अंगाला लागतं

मांडी आणि बाजूच्या पत्र्यामधली फट सामानासाठी फार मोहात पाडते. मोबाइल, किल्ल्या, पाकीट तिथंच सरकवले जातात. पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे खाली संवेदना नसेल तर हे कटाक्षानं टाळा. कठीण वस्तू त्वचेवर दाबून राहिली की दाबजखम व्हायला एक लांब दुपार पुरते, आणि भरायला महिने जातात. पाठीच्या कापडाला मागून जड सॅक आवळून बांधली तर तिचा कोपरा पुढून पाठीला टोचतो, हेही तपासा. कॅथेटर असेल तर लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच राहिली पाहिजे. सीटखालचा झोळा किंवा त्याची पट्टी तिच्या नळीवर दाब देत नाही ना, ते बसलेल्या अवस्थेत पाहा.

झाकणाला चुंबक लावण्याची कल्पना छान वाटते, एका हातानं उघडतं. पण पेसमेकर असेल, किंवा डोक्यातलं पाणी काढण्यासाठी बाहेरून जुळवता येणारा शंट बसवलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चुंबक नको. काही जॉयस्टिकचे सेन्सरही चुंबकीय असतात. वेल्क्रो चालतो, मात्र धूळ आणि केस भरून त्याची पकड जाते, म्हणून तो झाकणाला ठीक, वजन पेलायला नाही. झिप लावली तर तिच्या खटकीला किल्ल्यांची मोठी कडी अडकवा. बोटांत जोर नसला तरी अंगठा घालून ओढता येते.

कापडाचं फार लांबवत नाही. बाइकच्या सीट कव्हरचं रेक्झिन मजबूत आहे पण उन्हात तापतं. वॉटरप्रूफ कॅनव्हास बरा. शिवून घेणार असाल तर बॅगा शिवणाऱ्याकडे जा, त्याचं मशीन चार पदर निवार सहज ओढतं. प्लॅस्टिकची पेटी असेल तर तळाला दोन-तीन भोकं पाडाच. पावसाळ्यात आत साठलेलं पाणी पहिल्या उताराला एकदम पुढे येतं, आणि समोर जॉयस्टिक असतो.

लावल्यावर काय तपासायचं

आधी माणूस न बसवता. पिशवीत नेहमीच्या सामानाऐवजी तेवढ्याच वजनाचे तांदूळ भरा, खुर्ची बंद ठेवून क्लच सोडा आणि ढकलून एक चक्कर मारा: घासतंय का, टेकतंय का, चाकाजवळ काही जातंय का. पुढची लहान चाकं पूर्ण गोल फिरवून बघा, बरेचदा झोळा तिथंच अडतो. मग बसून सपाट जागेवर सगळ्यात कमी वेगात. रॅम्पवर पहिल्यांदा जाताना मागे एक माणूस हवाच, आणि थांबून पुन्हा निघण्याची चाचणी मुद्दाम करा. पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा आवळा. नळीवर क्लॅम्पच्या कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवली तर तो सरकला की नाही हे नुसतं पाहून कळतं.

आणि एक राहिलंच. खुर्ची टेम्पोत किंवा पायऱ्यांवर चढवताना मदतीला धावणारे लोक हाताला येईल ते धरून उचलतात. पेटी हाताला पहिली येते. ती तुमच्या ८ किलोसाठी बनवलेली असते, खुर्ची उचलण्यासाठी नाही. पेटीवर लाल टेप लावून ‘इथे धरू नका’ असं ठळक लिहा, आणि फ्रेमवर जिथं धरायचं तिथं हिरवी टेप गुंडाळा.